शेवटच्या ओळीतलं वावर

मामाजी, तुमच्या फाइलीत मी एक रकाना वाढवला. तुम्ही शेवटपर्यंत नाहीच म्हणत होतात, तरी वाढवला. रागवायचं असेल तर आधी सगळं ऐकून घ्या, मग खुशाल रागवा. तुम्ही गेलात त्याला आज सदतीस दिवस झाले. लग्न होऊन तुमच्या घरात आल्यापासून सदतीस दिवस आपलं भांडण झालं नाही, असं हे पहिल्यांदाच होऊन राहिलं आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. सालस माणूस, कधी आवाज चढवला नाही वगैरे. मी आईंकडे पाहिलं, आईंनी माझ्याकडे. आवाज चढवला नाही? त्या कम्प्युटरवरून तुम्ही आणि मी असे भांडायचो की बापाला आणि बायकोला सोडून मिलिंद चप्पल घालून बाहेर निघून जायचा. सासरा आणि सून चुलीवरून भांडत नाहीत, टीव्हीवरून भांडत नाहीत, एका फाइलीवरून भांडतात, हे माझ्या मुर्रीच्या माहेरी कोणाला खरं वाटायचं नाही. माझी आई विचारायची, "त्या फाइलीत आहे तरी काय गं?" मी म्हणायची, पाणी आहे.

खरंच पाणीच होतं. देवरीकडच्या आपल्या गावाचा तलाव, त्याच्यावर भिजणारी तीनशेवर वावरं, आणि पाणीवाटप सोसायटीचे तुम्ही बाबू. नव्याण्णव साली गोंदियाच्या एका राइस मिलनं काढून टाकलेला कम्प्युटर सोसायटीनं आणला. तो चालवायचा कोणी, म्हणून तुम्ही पंचेचाळिसाव्या वर्षी आठवड्यातून दोनदा एसटीनं गोंदियाला जाऊन फॉक्सप्रो, म्हणजे याद्या ठेवायचं सॉफ्टवेअर, शिकलात. क्लासमधली पोरं तुम्हाला अंकल म्हणायची आणि तुमचा डबा खायची. परत येऊन तुम्ही एक टेबल तयार केलं: नाव, गट नंबर, एकर, पाण्याचे तास. बस. पाळीचा नंबर कुठेच नाही. ज्याची ओळ वर, त्याला पाणी आधी. लग्नानंतर पहिल्यांदा ते टेबल पाहून मी कपाळावर हात मारला होता.

"मामाजी, याच्यात क्रम कुठे आहे?"

"दिसून नाही राहिला काय? एकाखाली एक उभे हायेत ना सारे."

"पण नंबर?"

"शाळेत पोट्टे रांगेत उभे राहतात, त्याईच्या कपाळावर नंबर राहते काय?"

मी तेव्हा हसले होते. एमसीए झालेली सून, तिला काय माहीत रांग म्हणजे काय असते ते.

ती रांग शेपटाकडून सुरू व्हायची. नहर जिथे संपते तिथली वावरं यादीत सगळ्यात वर, आणि तुडूम, म्हणजे तलावाचं तोंड, त्याच्या जवळची वावरं सगळ्यात खाली. पूर्वी उलटं होतं. धान निसवायच्या, कणीस धरायच्या वेळी पाऊस दडी मारायचा, तुडूम उघडायचं, वरची वावरं तुडुंब भरायची आणि शेपटाला पाणी पोचेपर्यंत तलावाचा तळ दिसायचा. शेपटाला वावरं कोणाची, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या मोहल्ल्याची आणि पाचसात गोंड घरांची. वरच्या लोकांनी "तलाव आमच्या आज्यानं बांधला" म्हटलं की तुम्ही कधी वाद घातला नाहीत. "बांधला ना बावा, म्हून तं पानी हाय," एवढंच म्हणायचात. पण टेबल केलंत त्या वर्षी तुम्ही अध्यक्षांना हिशोबात पकडलंत. वरून सुरू केलं तर खाली पोचत नाही, खालून सुरू केलं तर वरच्याला तर मिळतंच, कारण पाणी त्याच्या धुऱ्यावरून, बांधावरूनच जाते. जुने अध्यक्ष भला माणूस. म्हणाले, "कर तसं. पण ठरावात लिहू नको, माह्ये लोक माह्यावर बसतील."

म्हणून ते कुठेच लिहिलं गेलं नाही. फक्त तुमच्या फाइलीत, ओळींच्या जागेत, तेवढं राहिलं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मामाजी. तुम्हीही नाही. ही तक्रार मी आजही मागे घेत नाही.

मग ते वेबसाइटचं निघालं. सोसायटीच्या सभासदांची पोरं नागपूर-रायपूरला, दिवसभर तुम्हाला फोन: आमची पाळी कधी? तुम्ही वैतागून मला म्हणालात, "बेटा, हे काही तरी इंटरनेटवर टाकून दे ना." मी म्हटलं, दोन दिवसांचं काम. तुमच्या जुन्या फाइलीला एक वेब फ्रेमवर्क जोडायचं. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. तुम्ही टेबल दाखवायचं, तो पानं बनवून देतो. दोन दिवस! माझं तोंड तेव्हा फार चालायचं.

सांगाड्याला तुमची फाइल पटेना. त्याला प्रत्येक ओळीची एक किल्ली पाहिजे, जिच्यावरून ती ओळ ओळखायची. तुमच्याकडे किल्लीच नाही. मी गट नंबरला किल्ली केलं, तर एका गटातल्या चार भावांपैकी तीन गायब. धाकट्याचा फोन आला, "वहिनी, आमाले वाटनीतून काढलं काय?" मग गट नंबर आणि नाव मिळून किल्ली केली. मग एक ओळ लाल होऊन बसली. मी नियम घातला होता की तास किमान एक पाहिजे, आणि त्या ओळीत तास शून्य. ओळ कोणाची, तर तुमचीच, सगळ्यात खाली.

"स्वतःचेच तास भरायला विसरले बाबूसाहेब," मी चिडवलं. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पडद्याला नाक लावून तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "राहू दे." मी कशाची राहू देते? मी तिथे एक टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. मी पुन्हा एक, तुम्ही पुन्हा शून्य. शेवटी मी कंटाळून नियमच काढला आणि मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे. माफ करा, पण म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तुम्ही गोंदियाजवळच्या फुलचूरला आमच्या घरी काळा चष्मा लावून पडून, आणि इकडे पावसानं दडी मारलेली. सोसायटीतून फोन आला, यादी लावायची आहे. मी वेबसाइटवरून छापली, मिलिंदच्या हाती गावाला पाठवली आणि माझी पाठ मीच थोपटली. सांगाड्यानं यादी किल्लीप्रमाणे लावली होती, म्हणजे गट नंबरप्रमाणे. आणि आपल्या गावात गट नंबर सुरू होतात कुठून? तलावाच्या बांधापासून.

कोणी काही बोललं नाही. तोवर जुने अध्यक्ष वारले होते आणि त्यांचा पुतण्या खुर्चीवर होता. तो म्हणाला, "कम्प्युटरनंच लावली यादी, आता कोनाले बोलाची सोय नाही." शेपटाच्या लोकांना वाटलं, बाबूच्या सुनेनंच छापली म्हणजे बाबूला विचारूनच असेल. तुमच्यावरच्या भरवशानं ते गप्प राहिले, हे मला सगळ्यात जास्त टोचते.

काळा चष्मा उतरल्यावर तुम्ही गावाला गेलात, सोसायटीच्या भिंतीवरचा कागद वाचलात आणि दुपारच्या बसनं उलट्या पावली फुलचूरला आलात. दारातच उभे राहिलात. पाणीही घेतलं नाही.

"यादी कोनं लावली?"

"मी नाही लावली मामाजी, ती फ्रेमवर्कनं लावली."

"अन् फ्रेमवर्क कोनं लावलं?"

तुम्ही तेव्हा ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही खुर्चीत बसलात आणि शेपूट, ठराव, जुने अध्यक्ष, सगळं हळूहळू सांगितलंत. तोपर्यंत नहरेत पाणी अर्ध्यावर आलं होतं आणि तलाव खाली बसला होता. उलटं फिरवायला काही उरलं नव्हतं. त्या वर्षी यशोदाबाईंच्या दोन एकरांत धान नुसतं पोचट निघालं. विधवा बाई, चिखलात वाकून एकटीनं रोपांचा रोवणा केलेला. कणीस हातात चुरून त्यांनी मला दाखवलं, तळहातावर नुसता कोंडा. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. त्या फक्त म्हणाल्या, "कम्प्युटर चुकत नाही म्हनतात ना वो बाई?"

मी त्यांची माफी मागितली नाही. तुमचीही नाही. 'तांत्रिक कारणामुळे' असं काहीतरी पुटपुटले आणि चहा ठेवायला आत गेले. ती माफी इतकी वर्षं राहूनच गेली. आता लिहिते: चूक माझी होती, मामाजी. न विचारता मी तुमची रांग मोडली.

त्याच्यानंतर मी हट्टाला पेटले. सांगाड्याची फाइलीत लिहायची परवानगीच काढून घेतली. फक्त वाचायचं, हात लावायचा नाही. ओळ फाइलीत ज्या जागी, पडद्यावरही त्याच जागी. हे जमवायला मला तीन आठवडे लागले. माझ्या ऑफिसातली पोरं हसायची, म्हणायची, "मॅडम, पुराना फेंको, नया टेबल बनाओ, आधे घंटे का काम है." मीच पूर्वी असं म्हणत होते, म्हणून त्यांना काही बोलता येईना. तुम्ही जुन्या कम्प्युटरवर तुमच्या निळ्या पडद्यात लिहायचं आणि नागपूरच्या पोरांनी मोबाइलवर वाचायचं. एखादा शेतकरी गेला की तुम्ही त्याची ओळ पुसायची नाहीत, फक्त खूण करायचात, आणि वारसाची ओळ बरोबर त्याच्याखाली सरकवायचात. पडद्यावर ते जसंच्या तसं उमटायचं. पुढल्या पाळीला यशोदाबाईंच्या बांधीत पहिल्याच दिवशी पाणी आलं. तुम्ही मला फोन करून फक्त "आलं" म्हणालात आणि ठेवून दिलात. तो दिवस मी कोणाला सांगितला नाही, पण तेवढा आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

खरं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायची, क्रमाचा एक रकाना टाका. नुसत्या जागेवर भरवसा ठेवता येत नाही. उद्या कोणी ती फाइल नावाप्रमाणे लावली की वीस वर्षांची रांग एका सेकंदात गेली.

"नंबर टाकला का नंबर बदलवता येते," तुम्ही म्हणायचात. "सत्तरचा सात कराले किती वेळ लागते? ओळ हलवाले फॉक्सप्रो याव लागते. ते गावात मलेच येते."

"आणि तुमच्यानंतर?"

"माह्यानंतर तू हायस ना."

"मला नाही शिकायचं तुमचं ते फॉक्सप्रो! ते बनवणाऱ्यांनीच टाकून दिलं."

"त्याईनं टाकलं असन. आपल्याले कायले टाकाचं?"

इथे मिलिंद चप्पल घालायचा. असं किती दिवाळ्या, किती उन्हाळे. शेवटचं भांडण तुम्ही जायच्या आदल्या रविवारी झालं. मी म्हटलं, तुम्ही कोणावर विश्वासच ठेवत नाही. तुम्ही शेंगदाणे चावत राहिलात. मनात काही होतं की नाही, ते आता कळायचं नाही.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी अध्यक्षांचा निरोप आला. पाऊस थांबला आहे, शुक्रवारी सभा, बाबू राहिले नाहीत, तर यादी आता 'सरळ' गट नंबरनं लावायची. मी रजा टाकली आणि गावाला आले. तुमच्या खोलीत बसून जुना कम्प्युटर सुरू केला. बिस्किटांच्या डब्यातल्या तुमच्या दर शनिवारच्या फ्लॉप्या तशाच रचलेल्या. फॉक्सप्रो मला येत होतं, मामाजी. तुमच्या पाठीमागे उभी राहून भांडता भांडता सगळं आलं होतं. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मग मी हरले असते.

ओळी मोजत खाली गेले. नहरेचा नकाशा शेजारी. शेपटापासून तुडुमापर्यंत एकही ओळ जागेवरून हललेली नाही. फक्त एक. सगळ्यात शेवटची, तुमची, तास शून्य. आपलं वावर तर शेपटाला आहे, यशोदाबाईंच्या धुऱ्याला धुरा. ते पहिल्या दहात पाहिजे. मी म्हटलं, हीच ती चूक, हिला जागेवर न्यायला पाहिजे. आणि मग आठवलं, दर वर्षी आई कुरकुरायच्या की साऱ्यांचं भिजते अन् आपलं शेवटी. मला वाटायचं, आपला धुरा फुटका असेल.

"आई, आपलं वावर शेवटी का आहे?"

आई तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "त्याईनं सोताच टाकलं. पहिल्याच वर्षी लोक बोलले, बाबूचं वावर शेपटाले हाय म्हून शेपटाकडून पानी. मंग हे घरी आले अन् म्हनाले, आपलं साऱ्यायच्या मागं. तास बी नाही घेतले. तुडूम बंद झाल्यावर नहरेत जे उरते, ते उतरत उतरत शेपटाले येते, तेवढंच आपलं."

"आणि नाही उरलं तर?"

"दोन साल नाही उरलं," आई म्हणाल्या. "मी दोन दिवस त्याईच्यासंग बोलली नाही."

मी परत खोलीत आले आणि रडले. तुमच्या शून्याच्या जागी मी दोनदा एक टाकला होता.

शुक्रवारी सभेत अध्यक्ष उभे राहिले आणि तेच बोलले. बाबू चांगला माणूस होता, पण शेवटी ज्यानं त्यानं आपलं पाहिलं. शेपटाकडून पाणी म्हणजे बाबूनं आपलं वावर पाहून केलेली सोय. वरची माणसं माना डोलवत होती. मी कागद घेऊन उभी राहिले. मी म्हटलं, "यादी वाचते. पण खालून वाचते." आणि तुमचं नाव वाचलं, गट नंबर वाचला, तास शून्य वाचला. कोणाला तरी खोटं वाटलं. तुडुमावरचा म्हातारा माणूस मागून उठला, म्हणाला, "खरं हाय. बाबूच्या वावरात मी कधी तुडूम उघडून पानी सोडलंच नाही."

मग अध्यक्षांच्याच घरातले एक काका म्हणाले, "राहू दे बावा जसं हाय तसं." हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे.

तिथेच मी रकान्याचं सांगितलं. प्रत्येक ओळीला क्रमाचा नंबर. नंबर बदलता येईल, पण ज्यानं बदलला त्याचं नाव, दिवस आणि कारण वेबसाइटवर साऱ्या गावाला दिसेल आणि ते पुसता येणार नाही. आणि शेपटाकडून पाणी, हे या वेळी ठरावात लिहायचं. लिहिलं. शाईनं, अध्यक्षांच्या सहीनं. तुम्ही नंबराला घाबरत होतात, मामाजी. मी तुमच्या नंतरच्या दिवसाला घाबरत होते. आपण दोघंही बरोबर होतो, पण तुमचा उपाय तुमच्याबरोबर गेला असता. म्हणून माझा केला. या भांडणात मी जिंकले असं म्हणायला समोर तुम्ही पाहिजे होतात.

सभा उठता उठता यशोदाबाई आईंजवळ आल्या. म्हणाल्या, "आता तरी तुमचं वावर आपल्या जागी घ्या ना बाई. माह्या मागं घ्या. कोनी काही म्हननार नाही." चारपाच जणांनी हो म्हटलं. मीही आईंकडे पाहिलं. जन्मभर ज्यावरून कुरकुरल्या, ते आपण होऊन समोर आलं होतं.

आई म्हणाल्या, "नाही वो. शेवटीच राहू दे. आपल्या वावरात पानी आलं म्हंजे साऱ्यायच्या वावरात पोचलं, हे समजते."

घरी येऊन मी तुमच्या ओळीवर खूण केली. पुसली नाही. खाली आईंच्या नावाची ओळ सरकवली, नवीन रकान्यात शेवटचा नंबर टाकला, तासांत शून्य. मग नंबराप्रमाणे एकेक पाळी लागत गेली. मी रोज ऑफिसातून वेबसाइट उघडून पाहायची, आज कोणापर्यंत आलं. आज अकराव्यापर्यंत, आज नव्वद. परवा तुडूम बंद झालं.

काल दुपारी आईंचा फोन आला. "आलं" म्हणाल्या आणि ठेवून दिला.